अंध माणसाला वर्ण कसा कळतो?

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात एकाच विषयाभोवती फिरणारी तीन पत्रे आली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. तिन्ही पत्रलेखक नागपूरचे आहेत. त्यांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी धरमपेठेत राहते. निवृत्तीनंतर दृष्टिहीन विद्यार्थ्यांना अभ्यासाची पुस्तके वाचून दाखवते आणि परीक्षेत त्यांची लेखनिक म्हणूनही बसते. राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला अमेरिकेतील वर्णभेदावरील प्रकरण वाचून दाखवत असताना त्याने मला थांबवून विचारले, की तिथल्या जन्मांध गोऱ्या माणसाला समोरचा माणूस काळा आहे हे कळते का, आणि कळले तरी त्याला त्याचे काही वाटते का? मला उत्तर देता आले नाही. आमच्या गटातील एक ताई म्हणतात, की अंधांच्या मनात हा भेद नसतोच, त्यांना सगळी माणसे सारखी. तेवढ्या एका पापातून देवाने त्यांची सुटका केली आहे. हे खरे मानावे का?

उत्तर : ताईंचा भाव चांगला आहे, परंतु त्यांचे म्हणणे खरे नाही. ओसागी ओबासोगी या अमेरिकन कायदे-अभ्यासकाने जन्मापासून अंध असलेल्या शंभराहून अधिक व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या आणि आपले निष्कर्ष २०१० मध्ये लेखाच्या व २०१४ मध्ये ग्रंथाच्या रूपाने मांडले. वंश म्हणजे तुम्हाला काय समजते, हा त्याचा मूळ प्रश्न होता. आपण डोळस माणसे असे धरून चालतो, की अंध व्यक्ती याचे उत्तर आवाजावरून किंवा बोलण्याच्या धाटणीवरून देईल. प्रत्यक्षात त्यांनी जे सांगितले ते आपण सांगितले असते तेच होते : कातडीचा रंग, चेहऱ्याची ठेवण, केस. आवाज ही त्यांच्या लेखी केवळ खूण होती, आणि तीही फसवी असू शकते हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्या गोष्टी त्यांनी आयुष्यात कधी पाहिल्या नाहीत, त्यांनाच ते वंशाचा गाभा मानत होते.

हे त्यांना आले कोठून, हा खरा प्रश्न आहे. ते घरातून, शेजारातून आणि शाळेतून आले. लहान मूल कोणाशी खेळले की आईचा स्वर बदलतो, कोणाच्या घरी जाऊ नको म्हणून सांगितले जाते, कोणाविषयी बोलताना मोठी माणसे आवाज खाली आणतात, हे सारे कानांनी कळते आणि डोळस मुलापेक्षा अंध मुलाला ते अधिक लक्षपूर्वक ऐकावे लागते. अमुक लोकांच्या अंगाला वेगळा वास येतो, असेही मुलांना शिकवले जाते, आणि एकदा शिकवले की नाकाला तो येऊही लागतो. मोठेपणी प्रेमाचा आणि लग्नाचा प्रश्न आला, की घरातील माणसे मधे पडतात आणि ‘तुला दिसत नाही, म्हणून आम्ही सांगतो’ या शब्दांत सीमारेषा आखून देतात. डोळस मुलालाही हेच शिकवले जाते. फरक एवढाच, की त्याला आपण काही शिकलो असे वाटत नाही. समोर रंग दिसत असल्यामुळे भेदही रंगातच आहे आणि तो आपल्या डोळ्यांनी शोधून काढला, अशी त्याची समजूत होते. नाकाची लांबी, कानाची पाळी, डोळ्यांतील अंतर हेसुद्धा दिसतेच. पण त्यावरून कोणाला वस्तीबाहेर ठेवत नाहीत. कशाकडे पाहायचे हे आधी ठरलेले असते, पाहणे नंतर होते. अंध व्यक्तींच्या बोलण्यातून ही ठरवाठरवी उघडी पडते, आणि माझ्या मते त्या अभ्यासाचे सगळे मोल त्यात आहे.

आपल्या विद्यार्थ्याला शाळांची एक हकीकत अवश्य सांगा, कारण ती त्याला लगेच भिडेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अंध मुलांच्या शाळासुद्धा वर्णानुसार वेगळ्या होत्या. नॉर्थ कॅरोलिनातील रॅली येथे १८६९ मध्ये कृष्णवर्णीय मूकबधिर व अंध मुलांसाठी स्वतंत्र संस्था सुरू झाली. पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक-पियानोवादक रे चार्ल्स लहानपणी दृष्टी गेल्यावर १९३७ मध्ये फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीनच्या शासकीय शाळेत दाखल झाला, तेव्हा तिथे गोऱ्या अंध मुलांचा विभाग निराळा आणि काळ्या अंध मुलांचा निराळा होता. ज्या मुलांना एकमेकांचा रंग दिसण्याची सोयच नव्हती, त्यांच्यामध्ये सरकारने खर्च करून भिंत उभी केली होती. अशा शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला वंश म्हणजे काय हे समजले नसते, तरच नवल.

दुसरी हकीकत अधिक कठोर आहे. आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सैनिक दुसऱ्या महायुद्धातील सेवा संपवून, सन्मानाने मुक्त होऊन, १२ फेब्रुवारी १९४६ रोजी अंगावरच्या गणवेशानिशी बसने घरी निघाला होता. वाटेत चालकाशी झालेल्या वादावरून साउथ कॅरोलिनातील बेट्सबर्ग येथे त्याला खाली उतरवण्यात आले आणि तेथील पोलीस प्रमुखाने दांडक्याने मारून त्याचे दोन्ही डोळे कायमचे निकामी केले. केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आत त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडले. या प्रकरणाने अध्यक्ष ट्रुमन हादरले, आणि १९४८ मध्ये सैन्यातील वर्णविभागणी संपवणारा आदेश निघाला, त्यामागे या घटनेचाही वाटा होता. ताईंना एवढेच विचारावे, की वुडर्डला दिसेनासे झाल्यावर त्याच्यापुरता वर्णभेद संपला होता काय? अंधांना भेद शिवत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनातला अंध माणूस सोसणाऱ्यांच्या बाजूचा असू शकतो, हे आपण विसरलेलो असतो. त्याच्याकडे पाहणारे सगळे डोळस असतात.

एक पुरवणी जोडतो. अंधांचा अनुभव डोळसांपेक्षा अगदी निराळा नाही म्हणजे तो हुबेहूब तोच आहे असेही नाही. एशिया फ्रीडमन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले, की अंध व्यक्तीला समोरच्याचा वंश ठरवायला वेळ लागतो. आवाज, नाव, कोणी सहज केलेला उल्लेख असे तुकडे जुळवत ती अंदाज बांधते, तो अंदाज बदलते, आणि पुष्कळदा अनिश्चितच राहते. डोळसाला जे क्षणात ‘दिसते’ ते तिच्यापुढे विचार करण्याची बाब म्हणून येते. त्या विलंबामुळे माणूस आपोआप उदार होतो असे मात्र मुळीच नाही. विलंबाने का होईना, निष्कर्ष तोच निघू शकतो.

डोळसांनाही वंश ऐकू येतो, हे आपण लक्षात घेत नाही. जॉन बॉ या भाषाशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच माणसाने, म्हणजे स्वतः बॉ यांनी, तीन वेगवेगळ्या बोलींच्या ढंगात घरमालकांना फोन करून भाड्याच्या घराची चौकशी केली. गोऱ्यांच्या वस्त्यांत प्रमाण इंग्रजीला घर पाहायला बोलावणे येई. कृष्णवर्णीयांच्या किंवा मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या ढंगाला ते कमी वेळा येई. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात केवळ ‘हॅलो’ एवढा एक शब्द ऐकून श्रोत्यांपैकी बहुतेकांनी बोली ओळखली. त्या घरमालकांपैकी कोणीही समोरच्याला पाहिले नव्हते.

आणि विद्यार्थी राज्यशास्त्राचा आहे म्हणून हे शेवटचे. ‘आमचे संविधान रंगांध आहे’, म्हणजे ते माणसाचा रंग पाहत नाही, हे अमेरिकेतील न्यायमूर्ती हार्लन यांचे वाक्य, गोऱ्या-काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे वैध ठरवणाऱ्या १८९६ च्या प्लेसी खटल्यातील भिन्नमतात (निकालाशी असहमत मतात) आहे आणि ते फार गौरवाने उद्धृत केले जाते. त्याच परिच्छेदात थोडे आधी त्यांनी गोरा वंश हाच या देशातील वरचढ वंश आहे आणि तो तसाच राहील अशा आशयाचे विधान केले आहे, ते मात्र सहसा कोणी वाचून दाखवत नाही. वर्णानुसार काहीच विचारात घेऊ नये, हा युक्तिवाद २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशांतील वंशाचा विचार रद्द करताना पुन्हा बळकट केला. ओबासोगी यांचा आक्षेप असा, की ज्या अंधत्वाचा दाखला देऊन हे तत्त्व उभे केले आहे, ते अंधत्व प्रत्यक्षात तसे नाहीच. आपल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली, आणि १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने त्याच अनुच्छेदात मागासवर्गांसाठी विशेष तरतुदींची वाट खुली ठेवली. भेद न पाहणे आणि भेद मिटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

प्रश्न : मी जन्मापासून अंध असून एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरीला आहे, मानेवाड्यात राहतो. घरी माझ्यासाठी मुली पाहणे सुरू आहे. आईची आणि मावशीची पहिली अट ‘मुलगी गोरी हवी’ अशी आहे. मी म्हणालो, मला दिसणारच नाही, तर गोरी कशाला? आई म्हणाली, ‘तुला नाही दिसत बाबू, पण लोकांना तर दिसते ना.’ खरे सांगायचे तर परवा माझ्याही तोंडून ‘गोरी असली तर बरेच’ असे निघून गेले आणि माझे मलाच नवल वाटले. जे मी कधी पाहिले नाही, ते मला हवेसे का वाटावे? दुसरे असे, की कार्यालयातील मित्र म्हणतात, ‘तुझे बरे आहे, तुला जातपात दिसत नाही.’ पण मला बोलता बोलता समोरच्याची जात बहुधा कळून चुकते. मग जात आणि वंश या गोष्टी एकच समजायच्या का?

उत्तर : आपल्या आईंनी एका वाक्यात जे सांगितले त्यावर वेगळे भाष्य करण्याची खरे म्हणजे गरज नाही. गोरेपणाची अट नवऱ्या मुलाच्या डोळ्यांसाठी कधीच नव्हती. ती मंगल कार्यालयातल्या नातेवाइकांसाठी, शेजारणींसाठी आणि फोटोंसाठी असते. डोळस मुलाच्या बाबतीतही तसेच असते, फक्त तिथे मुलाची आवड असे नाव देऊन ते झाकता येते. आपल्या घरी ते झाकण बसत नाही, म्हणून अट उघडी पडली.

आणखी एक गोष्ट थोडी स्पष्टपणे लिहितो, राग मानू नये. लग्नाच्या बाजारात मुलाचे अंधत्व ही उणी बाजू धरली जाते, आणि सून गोरी आणली की ती उणीव चारचौघांत भरून निघते, असा हिशेब अनेक घरांत मनातल्या मनात मांडलेला असतो. उलट बाजूने मुलीकडची माणसेही असाच हिशेब करतात : मुलगी सावळी आहे, डोळस स्थळे परत जातात, तर अंध मुलाला कुठे दिसणार आहे? दोन्ही हिशेबांत रंगाला किंमत आहे, आणि दोन्हींत प्रत्यक्ष संसार करणाऱ्या दोघांना कोणी विचारलेले नाही. वधूवर-परिचयातले गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी हे शब्द ज्या क्रमाने उतरत जातात तो क्रम आपण लहानपणापासून ऐकलेला आहे. गोष्टीतली राजकन्या गोरी आणि राक्षसीण काळी असते, पाळण्यातल्या बाळाला पाहायला आलेली बाई पहिल्यांदा रंगाविषयी बोलते, आणि सावळ्या मुलीचे कौतुक ‘पण नाकीडोळी नीटस आहे’ अशा ‘पण’शिवाय होत नाही. भारतात १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये ‘फेअर’ हा शब्द नावातून काढून टाकला. मागणीचा पाया मात्र कंपनीने घातलेला नव्हता आणि तो नावाबरोबर गेला नाही. ‘गोरी असली तर बरेच’ हे आपण कोठून आणले, याचे उत्तर या सगळ्यात आहे. गोरे म्हणजे काय हे आपण पाहिलेले नाही, परंतु गोरे म्हणताच लोकांचा आवाज कसा खुलतो हे आपण हजारदा ऐकले आहे, आणि इच्छा तयार व्हायला तेवढे पुरते. त्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नये.

आता जातीविषयी. आपले मित्र म्हणतात त्यात एक गंमत आहे : जात त्यांना तरी कुठे दिसते? ती तर डोळसांनाही दिसत नाही आणि तरीही ती ओळखण्यात त्यांचे कधी अडत नाही. आडनाव विचारले जाते. आडनावाने भागले नाही तर गाव, आणि गावाने भागले नाही तर ‘नागपुरात कुठे?’ असे विचारले जाते. महाल, धरमपेठ किंवा इंदोरा या उत्तरांनी ऐकणाऱ्याच्या मनात काय काय हलते ते आपल्याला मी सांगायला नको. ‘पाणी’ म्हटले की ‘पानी’ म्हटले यावरून माणसाची पायरी ठरवणारे लोक आपल्या सुशिक्षित मंडळींतही भरपूर आहेत. अभिवादनही खूण होते. ‘जय भीम’ हे अभिवादन कामठीचे बाबू हरदास यांनी रूढ केले असे मानले जाते. ते म्हणणाऱ्याने ते अभिमानाने म्हटलेले असते, आणि ऐकणाऱ्यांपैकी काहीजण मात्र तेवढ्यावर संभाषण आखडते घेतात. या सगळ्या खुणा कानाला कळणाऱ्या आहेत. म्हणून आपल्याला जात लवकर कळते यात विशेष काही नाही. सगळ्यांनाच ती त्याच वाटेने कळते.

जात आणि वंश एकच का, याचे उत्तर नाही असे आहे, आणि ते देणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांत ठाम होते. इंग्रजी अमलातील अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीची मापे घेऊन असा दावा केला होता, की जात जितकी खालची तितके नाक रुंद. जात म्हणजे गोठलेला वंश, असा त्यामागचा विचार होता. बाबासाहेबांनी लाहोरसाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात होऊ न दिलेल्या भाषणात हे मत खोडून काढले : पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील अस्पृश्य यांच्यात वंशाचा फरक काय, आणि मद्रासचा ब्राह्मण व पंजाबचा ब्राह्मण वंशाने एक कसे? पुढे १९४८ मध्ये त्यांनी नाकाच्या मापांचे आकडेच रिस्लेंच्या मताविरुद्ध वापरले. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली तेव्हा जातीचा प्रश्न तिथे मांडावा की नाही यावरून मोठा वाद झाला. त्यात शिरण्याची इथे आवश्यकता नाही. उगम वेगळा असला तरी दोन्ही भेद लहान मुलाच्या मनात उतरवण्याची रीत मात्र एकच आहे. तोंडी सूचना, मनाई, बदललेला स्वर आणि लग्नाच्या वेळी आखली जाणारी सीमारेषा, हेच दोन्हीकडे दिसते. आपल्याला अमेरिकेतील अंध माणसाचा अनुभव समजून घ्यायचा असेल, तर स्वतःला जात कशी कळली ते आठवावे. इतका जवळचा दाखला दुसरा मिळणार नाही.

लग्नाबाबत आपण सल्ला विचारलेला नाही, तरी एक व्यवहाराची गोष्ट सुचवतो. परिचयपत्रे आपल्याला कोणीतरी वाचून दाखवत असणार, आणि वाचणारा काय आधी वाचतो व काय गाळतो यावर आपली निवड बेतलेली राहते. ती पत्रे टंकलेखित स्वरूपात मागवून स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या संगणक-प्रणालीवर) स्वतः ऐकावीत, आणि भेटीच्या वेळी मुलीशी एकट्याने बोलण्याचा आग्रह धरावा. मावशींचे मत त्यानंतरही ऐकता येईल.

प्रश्न : मी अंध मुलांच्या शाळेत शिकवतो. जन्मांध मुलाला रंग ही गोष्टच समजत नसेल, तर गोरा-काळा हे शब्द वर्गात वापरावेत का? चित्राचे वर्णन करताना माणसाचा रंग सांगितला, तर नसलेला भेद आपणच त्यांच्या डोक्यात घालत नाही का?

उत्तर : रंग समजत नसेल, हे गृहीतकच तपासून घ्यावे लागेल. बार्बरा लँडाउ आणि लिला ग्लाइटमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील अंध बालिका रंगांचे शब्द योग्य जागी वापरत होती, आणि रंग हा केवळ डोळ्यांना कळणारा गुण आहे हेही जाणत होती. मरीना बेडनी व सहकाऱ्यांचे २०२१ मधील संशोधन त्याच्या पुढे जाते. एखाद्या विशिष्ट वस्तूचा रंग कोणता, या माहितीत जन्मांध आणि डोळस प्रौढांत काहीसा फरक आढळला. परंतु वस्तूंना तो रंग का असतो, निसर्गातील एका जातीच्या वस्तूंचा रंग सारखा का असतो आणि माणसाने घडवलेल्या वस्तूंचा का बदलू शकतो, या समजेत दोघे जवळजवळ सारखे निघाले. ही समज मुख्यतः बोलण्या-ऐकण्यातून आलेली असते. माणसाच्या कातडीचा रंग जन्मतः असतो, तो आईबापांकडून येतो आणि धुऊन जात नाही, एवढे अंध मुलाला फार लवकर कळते; वर्णभेदाला याहून अधिक ज्ञान लागत नाही.

तेव्हा भेद त्यांच्या डोक्यात नाही असे समजून आपण गप्प राहिलो, तर तो विषय शिकवण्याचे काम बाहेरच्यांकडे जाते, आणि ते लोक ते काम कुचकामी शिक्षकासारखे करत नाहीत. शब्द अवश्य वापरावेत. खबरदारी घ्यायची ती वर्णनाच्या पद्धतीत. पुस्तकातील चित्र सांगताना आपण सहज ‘एक मुलगा, एक बाई आणि एक काळा माणूस’ असे म्हणून जातो, म्हणजे गोऱ्याचा रंग सांगण्याजोगा नाही आणि काळ्याचा तेवढा सांगण्याजोगा आहे, असे ठरवून टाकतो. सांगायचा तर चित्रातील प्रत्येकाचा रंग सांगावा, कपडे आणि वय सांगतो तितक्याच सहजपणे. आणि धड्याला त्याची गरज नसेल तर कोणाचाच सांगू नये. मुलांनी उलट प्रश्न विचारले, तर ती विचारणा टाळू नये. सातवी-आठवीच्या मुलांना सेंट ऑगस्टीनच्या शाळेची वर दिलेली हकीकत सांगून पाहावी, आणि ती भिंत कोणासाठी बांधली होती हे त्यांनाच ठरवू द्यावे.